मिठाची पोती

जालन्याहून सकाळच्या गाडीने आलो,
बाप आणि मी.
खंदकावरच्या पुलाशी बापानं चपला काढल्या.
देऊळ नाही हे, म्हटलं.
असू दे, म्हणाला, दगड तापायचाय अजून.

अंधारीच्या तोंडाशी यासीनभाईनं टेंभा पेटवला.
"सर झुकाके. यहां बडे-बडे झुके."
वटवाघळांचा उग्र वास,
पायरी कधी वीतभर, कधी गुडघ्याएवढी,
शत्रूचा पाय चुकावा म्हणून
मुद्दाम चुकवलेली.
इथून उकळतं तेल, इथून धूर,
तो उजेड दिसतोय ना, तिकडे गेला तो थेट खंदकात.
यासीनभाई असं सांगतो
जसं हे काल संध्याकाळी घडलं
आणि त्याला जेवायला उशीर झाला.

मग वेढ्याची गोष्ट.
घाईघाईत पोती गडावर चढवली,
व्यापाऱ्यांनी पायथ्याशी टाकून दिलेली.
राजा निश्चिंत.
पुढं तोंडं उसवली
तर आत मीठ.

लोक हळहळले. एका पोरानं फोटो काढला.
बाप भिंतीला टेकून उभा राहिला.
"हे खोटं हाय."

टेंभा हलला.

"मोंढ्यात एकोनतीस वर्सं पोती उचलली म्या.
ज्वारी पाठीवर सरकती, बसती,
आपल्यापुरती जागा करून घेती.
मीठ पाझरतं गोनीतून.
मानंवरलं सोललेलं कातडं चरचरतं.
डोळे बांधा, खांदा सांगंल.
ज्यानं पोतं चढवलं
त्याला पयल्याच पायरीला कळलं आसंल."

"फिर बोला क्यूं नहीं?"

बाप बराच वेळ गप्प.
वर कुठंतरी पाणी टपकत होतं.

"इचारलं कुनी?"

बारादरीवर वारा होता.
खाली सीताफळांची झाडं, पानं झडलेली,
लांब रस्त्यावर मुंगीएवढे ट्रक
ताडपत्री बांधून चाललेले.
बापानं सदऱ्याचं वरचं बटण काढलं,
मानेमागचा घट्टा चोळत बसला.
लहानपणी मी त्यावर गाल टेकून झोपायचे.
उठल्यावर ओठ खारट.

उतरताना अंधारीत
यासीनभाई दुसऱ्या घोळक्याला गोष्ट सांगत होता.
पोती चढवली, इथवर आला,
आणि थांबला.
टेंभ्याचा धूर गेला असेल डोळ्यांत.