हिरव्याचा जांभळा होताना

साखळीत, बसस्टँडमागच्या झेरॉक्सच्या दुकानात
आग्नेलने स्क्रीन माझ्याकडे वळवली.
"मावशे, हांगा तुझं काम लिही."

रकाना विचारतो: सध्या काय करता?
खाण बंद पडली त्याला वर्षं झाली.
तांबडी धूळ आंब्याच्या पानांवरून गेली,
कपड्यांच्या शिवणींतूनही गेली हळूहळू.
मी लिहिलं, शालन माजिक, प्रयोगशाळा सहाय्यक.
आग्नेल म्हणाला, सहाय्यक नको,
इथे सगळेच थोडं मोठं लिहितात.
म्हटलं, बाबा, मी अर्धा टक्का मोठा लिहिला असता
तर आख्खी बोट परत आली असती.

फोटो हवा. होता तो मुंजीतला.
कापला, तरी खांद्यावर कुणाचा तरी हात उरला.
असू दे म्हटलं.

मग कौशल्यं. यादी उघडते ती उघडतच जाते:
नेतृत्व, संवाद, संघभावना, ताण हाताळणे.
मला हवं ते कुठेच नव्हतं.
ब्युरेटची चावी अंगठ्यात नि तर्जनीत धरून
थेंब, थेंब,
आणि हिरव्याचा जांभळा होण्याच्या
किंचित अलीकडे
हाताने आपणहून सावकाश होणं.
एक थेंब पुढे गेला की सकाळ फुकट.
हे कुठल्या शब्दाखाली घालायचं?
आग्नेलने "बारकाईने लक्ष" वर टिचकी मारली.
बरं. जवळपास आहे.

प्रोफाइल चाळीस टक्के पूर्ण, असं आलं.
चाळीस टक्क्यांचा माल
आम्ही डोंगराच्या कडेला ढकलून द्यायचो.

मग चेहरे येऊ लागले, तुम्ही ओळखत असाल म्हणून.
पणजीचे कोट, दुबईचे दात,
आणि मध्येच ऋचा वेलिंगकर,
पिपेट तोंडाने ओढायची, माझा ओरडा खायची,
आता वेर्ण्याला औषधांच्या कारखान्यात गुणवत्ता प्रमुख.
तिच्या नावावर बोट धजेना.
मागायला आलेय असं वाटेल.
"मागायचं न्हय मावशे," आग्नेल म्हणाला,
"आसा म्हूण सांगायचं."

तिच्याखाली तो.
रोझारियो फालेरो, विश्लेषक, मुरगाव बंदर.
समाईक ओळखी: शून्य.

शून्य!
चौदा वर्षं माझ्या आकड्याखाली त्याचा आकडा होता.
मी खाणीची, तो गिऱ्हाइकाचा,
एकच ढीग, दोन पिशव्या, दोन सह्या.
माझे अठ्ठावन्न पॉइंट चार,
त्याचे अठ्ठावन्न पॉइंट तीन.
एकदाच, ओल्या मालात, अर्ध्याचा फरक पडला,
तेव्हा समासात पेन्सिलीने: कृपया पुन्हा पाहावे.
पाहिलं. चूक माझी होती.
त्याने ती वर कुणाला कळवली नाही.
चेहरा मात्र कधी पाहिला नव्हता,
सहीतल्या एफची लांब शेपटी तेवढी माहीत.
आज पाहिला. टक्कल, बारीक चष्मा, मागे केळ.

सोबत चार शब्द लिहायचे का, असं विचारलं.
आदरणीय. पुसलं.
आपण मला ओळखत नसाल. पुसलं, कारण खोटं होतं.
आग्नेल दुसऱ्या गिऱ्हाइकाचं आधार कार्ड छापत होता,
पंखा माझ्या वळणाला येऊन अडकत होता.
बोट बटणाच्या वर, सावकाश.
शेवटी लिहिलं,
५८.४
आणि टेकवलं.

वीस रुपये दिले. भेंडी घेतली. बस चुकली.

रात्री भाकऱ्या टाकताना फोन वाजला.
५८.३, असं होतं.
खाली एक ओळ मोकळी सोडून:
कशा आहात, बाई?

तवा तसाच ठेवून
मी पिठाच्या हाताने
ऋचाचं नाव शोधू लागले.