गुरुवारची अंडी

फादर सिप्रियान स्कूटरवरून आले, हेल्मेट न काढताच म्हणाले,
"मास्तर, घरी बसून माशा मारण्यापेक्षा सड्यावर या.
चार ते सहा. कपेलाच्या मागची पडवी.
पोरं चाळीस, फळा एक, खडू माझे."

गेलो.
बंदरातला कोळसा वाऱ्यावर बसून चढ चढतो तिथं,
वहीवर, पाण्यावर, पोरांच्या पापण्यांवर उतरतो.
कुणी गदगचं, कुणी कोप्पळचं, दोघं ओडिशाची,
एक मुलगी आपल्या गावाचं नाव रोज वेगळं सांगायची.
मी 'क' काढला, विचारलं, कशाचा?
सगळी ओरडली, कोळशाचा.
पुस्तकात कमळ होतं.

गावात एकानं आवाज खाली आणून विचारलं,
"तिथं बाटवतात ना हो?"
म्हटलं, अजून बाराखडीच चालू आहे.

गुरुवारी अंडी.
सिस्टर एर्मेलिंडा लग्नाच्या मोठ्या टोपात उकडायची,
मोजून चाळीस.
नियम खडूनं दारावर लिहिलेला: इथंच, माझ्यासमोर खायचं.
कारण गल्लीच्या तोंडाशी कुणीतरी ती विकत घ्यायचं
आणि पैसे पोराच्या हातात फार वेळ राहायचे नाहीत.
मला पटला नियम.
एकतीस वर्षं मी असलेच नियम लिहीत आलो होतो.

दुर्गाप्पा सापडला तो श्रावणात.
"खिसा दाखव," सिस्टर म्हणाली.
त्यानं अंडं काढलं. पांढऱ्या कवचावर काळी बोटं,
पोलीस कागदावर घेतात तशी स्पष्ट.
"कुणाला?"
तो गप्प. शेजारची यल्लव्वा बोलली,
"त्याची तंगी आहे घरात. लहान. पाय चालत नाहीत तिचे."

सिस्टर दाराकडे बघत राहिली, खडूच्या अक्षरांकडे.
टोपात हात घालून पाहिलं, नुसतं पाणी.
मग अंडं तिनंच त्याच्या खिशात परत ठेवलं
आणि वहीत लिहिलं: दुर्गाप्पा, खाल्लं.
शनिवारी पाद्रीपुढे गुडघे टेकून
हे तिनं सांगितलं असेल का, कोण जाणे.
पुढच्या गुरुवारी टोपात एकेचाळीस होती.

एकदा पणजीहून कॅमेरा आला.
अंडं हनुवटीजवळ धरा, हसा.
पोरं हसली, त्यांना कुणीही म्हटलं तरी हसतात.
दुर्गाप्पा पाठमोरा बसला.
फोटोत त्याची पाठ तेवढी आहे,
देणगीच्या गाठोड्यातला शर्ट,
त्यावर कुठल्याशा परदेशी खेळाडूचं नाव, नंबर सात.

मार्चमध्ये नोटीस, एप्रिलात जेसीबी.
फादर अर्ज घेऊन कचेरीत गेले, दुपारपर्यंत बाकावर बसले,
तारीख मिळाली.
तारखेच्या चार दिवस आधी झोपड्या गेल्या.
अकरा कुटुंबं नऊ रात्री हॉलमध्ये झोपली,
बिंगोच्या टेबलांखाली पोरं, वर भांडी.
मग कुणी कुणी कुठं कुठं.
दुर्गाप्पा बहिणीला पाठीवर घेऊन उतरताना
पोदेरानं पाहिला म्हणतात. कुठल्या दिशेनं, ते त्याला आठवत नाही.

चौतीस उरली.
हजेरीत सहा नावांपुढे मी रेघ मारतो,
नाव खोडत नाही.
सिस्टर मात्र पस्तीस उकडते.
मोजण्यात चुकते म्हणावं तर दर वेळी तितकीच चुकते.

परवा उरलेलं एक तिनं माझ्या हातावर ठेवलं.
"मास्तर, हे तुम्ही न्या."
तिला काय ठाऊक. दत्ताचा वार, माझा उपास,
आणि आमच्या घरात चार पिढ्या अंडं आलेलं नाही.
नको म्हणायला तोंड उघडलं, उघडंच राहिलं.
खिशात घातलं.

कदंबच्या बसमध्ये खिडकीशी बसलो.
जुवारीचा पूल आला तरी
मांडीला ऊब लागत होती.
इतका वेळ टिकते, मला माहीत नव्हतं.
सड्यावरच्या झोपडीपर्यंत तर
ते चांगलं गरम पोचत असणार.