फक्की

सहाला तळजाईवर अजून दिवे असतात.
मी मोठं जाळं उतरवतो, फक्कीचा डबा घेऊन वाकतो
आणि एका कोर्टाची चार कोर्टं करतो.
मोठ्या रेघांच्या आत छोट्या रेघा,
भाकऱ्या झाल्यावर उरल्या पिठाची
पोरासाठी चानकी थापावी, तशा.

जाळ्या बॅडमिंटनच्या, बाद झालेल्या,
खुर्च्यांना बांधलेल्या, माझ्या मांडीइतक्या उंच.
मधे झोळ पडतो. मी गाठ आवळतो. पुन्हा पडतो.

सेक्रेटरीसाहेब म्हणाले, हे काय टेनिस?
मी बोललो नाही.
बावीस वर्षं मार्कर आहे या क्लबात,
म्हणजे बावीस वर्षं
साहेबांच्या फोरहँडला सोसेल तिथेच चेंडू टाकलाय.
मला पहिली रॅकेट मिळाली, फुटक्या तारेची,
ती माझ्या कमरेच्या वर यायची,
आणि चेंडू डोक्यावरून जायचा,
देवळातल्या घंटेसारखा. उड्या मारून हात पुरेना.

हा चेंडू लाल, अंगानं मऊ.
टप्पा घेतो आणि जरा थांबतो
पाहुणा उंबऱ्यात थांबतो तसा,
येऊ का आत?

संघ चार. नावं त्यांचीच:
घोरपड, रिक्षा, वीज गेली,
आणि पाऊण तास भांडून, घोरपड दोन.

एकानं एकच फटका मारायचा,
रॅकेट पुढच्याच्या हातात द्यायची
आणि रांगेच्या शेपटीला जायचं.
पॉइंट झाला की चिंचोका डब्यात.
चिंचोका कुणी मिळवला हे डबा विचारत नाही.
(घोरपडचा कैवल्य विचारतो. दर वेळी.)
आईबाप कठड्याबाहेर.
टाळ्या चालतात, सल्ला चालत नाही.
समीनाचे अब्बा तरी हवेतल्या हवेत
मनगट फिरवून दाखवतातच.

केतकी शेलार चार रविवार आली
आणि चारही रविवार नुसता डबा धरून बसली.
मी काही म्हटलं नाही.
डबाही कुणीतरी धरायचा असतोच.

आज रिक्षात एक जण कमी. विहंगला गालगुंड.
रांगेत भोक पडलं, सगळे तिच्याकडे बघायला लागले.
तिनं डबा माझ्या हातात दिला, झाकण लावून.

तिची रॅकेट आधी चेंडूच्या खालून गेली.
मग वरून.
तिसऱ्यांदा फट् असा आवाज आला, ओल्या कपड्यासारखा,
आणि चेंडू जाळीच्या झोळावरून,
हो, बरोबर त्या झोळावरूनच,
पलीकडे गेला
आणि कडेला कुठेतरी पडला.

"आऊट," ती स्वतःच म्हणाली. लगेच.
जणू घरून पाठ करून आली होती.

वीज गेलीचा जोएल खाली बसला.
दात पडलेला, नाक वाहतंय, चिंचोक्यासाठी जीव टाकणारा जोएल.
रेघेवर बोट फिरवलं,
चेंडू उचलून बघितला, उलटा केला,
आणि बोटभर पांढरी फक्की सगळ्यांना दाखवत म्हणाला,
"लागलाय. तुमचा."

तिकडे झाडीत मोर ओरडला.
इकडे रिक्षाचे तिघे एकदम ओरडले.
मी डबा उघडला. माझा हात उगीच हळू चालला.
या रेघेवर मी मोठमोठ्या माणसांचे आवाज चढलेले ऐकलेत,
एकदा एका वकिलानं तर माझ्यावरच बोट रोखलं होतं.
फक्की लागलेलं बोट मात्र
कुणी पुढे केलेलं आठवत नाही.

जिंकलं कोण ते नीट कळलं नाही.
मोजताना एक चिंचोका कैवल्यच्या तोंडात सापडला.

नऊला मेंबर येतात. मी छोट्या रेघा झाडूनं पुसत होतो.
पुसल्या तरी मातीत थोड्या राहतातच.
केतकी परत आली, एका पायावर उभी राहिली.

"काका, गालगुंड किती दिवस असतं?"

आठवडाभर, म्हटलं. कधी दहा दिवस.

"दहा," ती म्हणाली,
बोटांवर मोजलं,
आणि आईच्या स्कूटरकडे पळत सुटली.