सहभागी क्र. ३१

पाषाण रस्त्यावर तळघरात आमची लॅब.
खिडकी नाही. एसी असा, की मे महिन्यातही
मी स्वेटर घालून.
करार अकरा महिन्यांचा, पद रिसर्च असोसिएट.
आई शेजारच्यांना सांगते, मेंदूवर काम करते.
खरं तर केसांवर करते:
चौसष्ट छिद्रांची टोपी, प्रत्येक छिद्रात
बोथट सुईने जेल,
बटा बाजूला सारत कातडी शोधायची,
पायरीवर बसून उवा बघावं तसं.

एकतीस म्हणजे हौसाबाई फडतरे, दापोडी.
वय अडुसष्ट, शिक्षण चौथी, हात उजवा.
संमतीपत्रक पूर्ण वाचलं (फारसं कुणी वाचत नाही),
सही केली, एकेक अक्षर थांबून.
"शॉकबिक नाही ना देत?"
नाही मावशी, आम्ही फक्त ऐकतो.
"मग मी बोलू काय?"
बोलायचं नाही. पापणीही जरा कमी हलवा.

हेडफोनमध्ये माझाच आवाज, मुद्दाम सपाट,
दर दोन सेकंदांना एक शब्द:
विहीर. दोर. रहाट. काठ. घागर. खोल. तहान.

यादी माझीच.
परदेशी याद्यांतली उशी आणि झोप इथे चालली,
बाकीचं काही चालेना.
मग चार रविवार कँटीनमध्ये बसून मुलांना विचारलं,
विहीर म्हटलं की काय आठवतं?
जो शब्द सगळ्यांना आठवला
तोच गाळला.
तो सापळा.

आधीच्या तिसांतले सत्तावीस पाण्यात पडले.
एक निवृत्त प्राध्यापक तर भांडलेच,
पाणी होतं, मी स्वतः ऐकलं.

हौसाबाईंनी लाल बटण दाबलं.
नव्हतं. सहाशे बारा मिलिसेकंद.
खात्री किती? पाचपैकी पाच.

सर स्क्रीनकडे बघून म्हणाले, आउटलायर,
आणि मीटिंगला गेले.

विचारायचं नसतं, तरी मी विचारलं.
"अगं, विहीर आली, दोर आला, घागर आली,
मी वाटच बघत होते.
आलंच नाही."
मग टोपीचा पट्टा हनुवटीखाली चाचपत,
"बहात्तरला माणात असंच.
मी पंधराची होते. सगळं असायचं काठावर."

फाइलमध्ये एवढंच लिहिलं: बरोबर उत्तर.
रकाना तेवढाच आहे.

नंतर बेसिनपाशी खुर्ची उलटी करून
त्यांचं डोकं धुतलं, कोमट पाणी, साधा शाम्पू.
जेल मुळाशी चिकटून बसतं, वेळ लागतो.
त्यांनी डोळे मिटले होते. मला वाटलं, झोपल्या.

मी टॉवेल घ्यायला वळले
तेवढ्यात मागून हात आला, चाचपडत,
फेसाने माखलेला,
आणि नळ बंद केला.