भरतीचं वेळापत्रक

अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये नर्सने विचारलं, कुठला हात?
मी म्हटलं, डावा. त्याला फारसं काम नसतं.
खोटं होतं ते.
सेतूबालच्या कारखान्यात एकतीस वर्षं
सार्डिनची मुंडी याच हाताने धरली,
उजव्याने फक्त कापली.

अर्धा तास खुर्चीवर बसवून ठेवलं.
शेजारी झेफेरीनु, पाववाला,
बाही अजून वरच, खाली घ्यायची विसरलेली.
म्हणाला, तिसऱ्याला काही होत नाही, देओलिंदा,
मला तर टोचलेलं कळलंसुद्धा नाही.

आठला दंड जड झाला.
नऊला काखेत ऑलिव्हएवढी गाठ.
दहाला पाठीमागचे हुक काढता येईनात.
आधीच्या दोन्ही वेळी आदेरितुने काढले होते,
कुरकुरत, मग हसत.
आम्ही पाळी लावून घेतली होती तेव्हा,
त्याची सुई मंगळवारी, माझी शुक्रवारी,
म्हणजे एक कुडकुडेल तेव्हा
दुसरा चहा करायला उभा राहील.
या खेपेला पाळी माझी, आणि त्यानंतरचीही माझीच.
हुक शेवटी कात्रीने कापले. जुनेच होते.

दोन ब्लँकेटं, वर त्याचा बोटीवरचा कोट,
तरी दातांवर दात.
थर्मामीटरसाठी खण उपसला
तर डबीभोवती गुंडाळलेलं
भरती-ओहोटीचं वेळापत्रक, जूनचं पान.
त्रोयाच्या फेरीबोटीवर जन्म गेला त्याचा,
पाण्याखेरीज कशाची वेळ त्याला खरी वाटायची नाही.
समासात त्याचं ठेंगणं अक्षर:

२३:१० ३८.२ ओरडते आहे.
०१:०० ३८.६ ओरडते आहे. माझ्या आईवरही.
०२:४० ३९.१ गप्प आहे.
खाली, पेन दाबून: गप्प का आहे?
मग थेट पहाट.
०६:०५ ३७.५ सूप खारट म्हणाली. देवाची कृपा.

मला वाटायचं,
माझा ताप उतरेपर्यंत हा माणूस
खुर्चीत घोरत होता.

गोळी घेतली. तांब्याभर पाणी प्यायले.
ओला टॉवेल दंडावर, थेंब कोपरापर्यंत.
सव्वादोनला पारा पाहिला, अडतीस पूर्णांक नऊ.
घर इतकं शांत
की फ्रिजनेही मध्येच आवाज थांबवला.
तेव्हा मी उठून बसले
आणि त्या खुर्चीला सगळं ऐकवलं:
छपराची गळती, थकलेलं विजेचं बिल,
आधी निघालास, विचारलंस का मला,
आणि तुझ्या आईबद्दल जे बोलायचं राहिलं होतं तेही.
भिंतीपलीकडून झेफेरीनुने एकदा ठोठावलं.
म्हणजे जागाच होता, लबाड.

समासात बोटभर जागा उरली होती.
हात थरथरत होता, तरी अक्षर लागलं.

०२:१५ ३८.९
ओरडते आहे.