शून्य लांबीचा निरोप

हर्णै बंदरात, बर्फाच्या कारखान्यावर माझी खोली.
एक रॅक, दोन पंखे, खिडकीला जाळी,
जाळीवर मिठाची साय.
केळशीपासून दाभोळपर्यंतचे एकोणीस स्विच
मी इथून सांभाळते.
म्हणजे मी नाही, कंट्रोलर सांभाळतो.
कोणत्या वाटेनं काय जायचं ते तो ठरवतो,
स्विच बिचारे विचारतात आणि ऐकतात.
मी त्याला जागं ठेवते, इतकंच.

शनिवारी पावणेचारला तो गप्प झाला.
मेला असता तर बरं,
मेल्याला उठवणारी सोय करून ठेवलीय.
हा जागा होता. शंभर टक्के कामात,
आणि कुणालाच उत्तर देत नव्हता.
खाली लिलावाची वेळ. वाळूवर सुरमईच्या राशी,
गाडीचे बैल गुडघाभर पाण्यात,
जिन्याखालून जुबेदा मुकादम ओरडतेय,
"काय गो हर्षाली, पुण्याचा भाव कुठे अडकला?"

आलेला मजकूर उघडून बाइट न् बाइट बघत गेले,
कोळंबीतला काळा दोरा शोधावा तशी.
सापडला. आंजर्ल्याच्या टेकडीवरचा.
प्रत्येक निरोपाच्या कपाळावर लिहिलेलं असतं
मी केवढा आहे.
निदान आठ. आठ तर नुसत्या कपाळालाच लागतात.
याच्या कपाळावर होतं शून्य.

कंट्रोलर भोळा. त्यानं मानलं.
निरोप वाचला, शून्य पावलं पुढे सरकला,
समोर पुन्हा तोच निरोप.
वाचला. शून्य पावलं.
वाचला.
मागे अठरा स्विच रांगेत तिष्ठत.

खाली बर्फाचा हिशेब लिहिणारे शब्बीरचाचा
चिठ्ठीला कधी मानत नाहीत.
"चिठ्ठी म्हणते चाळीस किलो.
चिठ्ठीनं उचललंय का कधी?"
आधी काटा, मग वही.

मीही काटा बसवला. थोड्याच ओळी:
आठाहून कमी सांगणाऱ्याचं पुढे वाचू नकोस.
आलंय त्याहून जास्त सांगत असेल तर वाट बघ,
पण किती वेळ ते आधी ठरव.
खोटं निघालं तर नोंद कर, आणि त्या एकाची लाइन तोड.

तोडताना हात थांबला.
तेवढा एक टाकून पुढचं ऐकता नसतं का आलं?
नसतं. एकाची लांबी खोटी निघाली
की पुढचा कुठे सुरू होतो तेच हरवतं.
मग दोघांनी पुन्हा हॅलोपासून यायचं.
तोवर स्विच शेवटचं सांगितलेलं करत राहतो.
आंजर्ल्याच्या दवाखान्याचं नेट त्यावरच चाललं,
जुन्या शब्दावर.

चार एकवीसला भाव आला.
जुबेदा म्हणाली, "एवढाच? नव्हता तेच बरं होतं."

रात्री वही काढली. म्हटलं, बघू कुणाचं पाप.
मंगळवार, दीड वाजता: आंजर्ले, नवं फर्मवेअर चढवलं.
त्या रात्री लाइट दोनदा गेलेली.
शेऱ्यात एकच शब्द, पूर्ण.
अक्षर माझं.
झोप आली होती. तपासलं नव्हतं.
कपाळावर पूर्ण, आत अर्धं,
आणि मी चार दिवस त्याच शब्दावर विश्वासून पुढे.

शब्द खोडला नाही. खाली वेळ घालून लिहिलं,
"बघितलं नव्हतं. ह."

रात्रभर आंजर्ले हॅलो म्हणत राहिला,
मग तेच शून्य, मग तुटणं, मग पुन्हा हॅलो.
सकाळपर्यंत दोन हजारांवर नोंदी.
बाकीचे अठरा निवांत.
शब्बीरचाचांकडे शिडी मागितली,
म्हटलं, बारा पायऱ्यांची आहे, लिहून घ्या.
त्यांनी चष्मा चढवला, शिडी आडवी केली,
बोट ठेवत पायऱ्या मोजल्या.
अकरा.
मग वही उघडली.