परवाना खिडकी, अलकापुरी

बाहेरचे आहात ना? पुरावा दाखवा.
दिवसभर एवढंच विचारते मी.
सकाळी फिनलंडचा एक लांबट मुलगा म्हणाला,
आमच्याकडे दारूचं दुकान सरकारच चालवतं, रविवारी बंद.
मग मस्कतला नोकरीला असलेला एक जण;
त्याला परवान्याची सवय, फोटो खिशातच.

चारच्या सुमारास विश्वासराव खानविलकर.
आधार कार्ड इंदूरचं,
बोलणं मात्र आमच्या दांडिया बाजाराचं:
जरा लवकर कर ने, बेटा.
जन्मस्थान? वडोदरा.
येण्याचं कारण?
शर्टाला अजून खासवाडीचा धूर होता.
लिही, म्हणाले, पर्यटन.

शिक्का मारला. ते हलेनात.
बापू फणसे माझ्याकडे यायचा दर दिवाळीनंतर,
दोन पेग, जास्त नाही,
आणि परतताना दाहोद येईस्तोवर
बडीशेपेची अख्खी पुडी संपवायचा.
मेला तोवर घाबरायचा.

यावर दुसरं नाव घालता येतं का?

नाही काका. एका कागदावर एकच.
ते कुठले?

इथलेच, म्हणाले,
आणि कागदाची घडी घालत बसले,
आधी उभी, मग आडवी.